फॉल लावलेलं पातळ

"कार्य काय आहे?" दुकानदारानं विचारलं, आणि माझ्यासमोर आणखी एक पातळ फर्रकन उलगडलं.

विट्याच्या एसटी स्टँडासमोरचं कापडाचं दुकान. पांढऱ्या गादीवर मी मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात लाल, निळ्या, आमसुली पातळांचा ढीग पडला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. कार्य काय ते सांगायला मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

माझी थोरली बहीण, विमलअक्का, त्या दिवशी सकाळी शेण काढायला गोठ्यात गेली होती. छातीत कळ आली म्हणून खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. मी तेव्हा तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला होतो. तिथल्या ऑफिसातल्या फोनवर दाजींच्या चुलत्यांचा, नानांचा निरोप आला. नाना फोनवर नेहमी शेजारच्या गावाला हाक मारल्यासारखे बोलायचे.

"गोरख, अक्का गेली तुजी. माहेरचं पातळ घिऊन ये. तू आल्याबिगर उचलत न्हाई."

एवढं बोलून फोन ठेवला. मॅनेजरनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "पातळ घ्यायचंय." मग कुणीतरी मला स्टँडवर आणून सोडलं असणार, कारण त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम विटा.

आमच्या भागात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं पातळ माहेरचं लागतं. सासरची कपाटं भरून वाहत असली तरी चालत नाही. भावानं पातळ घेऊन यायचं, बहिणीचं तोंड बघायचं, मग तिला उचलायची, आणि तेही दिवस मावळायच्या आत. आमचे आईवडील कधीच गेले होते. दुसरा भाऊ नव्हता, चुलत्यांशी बोलणं नव्हतं. म्हणजे अक्काचं माहेर मी एकटाच. बिनलग्नाचा, भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवून खाणारा, बायकांच्या कपड्यातलं काडीचं न कळणारा. भाऊबीजेला सुद्धा मी ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकून मोकळा व्हायचो आणि म्हणायचो, तुझं तू घे बाई. पातळ विकत घ्यायची ती माझी पहिली वेळ.

"बहिणीला द्यायचंय," मी शेवटी म्हणालो. "माहेरकडून."

"थोरली का धाकटी?"

"थोरली."

"ओटी भरायची असंल."

ओटी तर भरायचीच होती. "हो," मी म्हणालो.

दुकानदाराचा चेहरा उजळला. गुबगुबीत माणूस होता, कपाळाला भस्माची पट्टी, बोलायची भारी हौस. "मग असं सांगा की पाव्हणं! डोहाळजेवण!" असं म्हणत त्यानं लाल, निळी, आमसुली सगळी पातळं दोन्ही हातांनी बाजूला सारली. "हिरवं पायजे तुम्हाला. मघापासनं बोलत का न्हाई?"

नाही म्हणायला हवं होतं. साधे तीन-चार शब्द होते. पण माझी मान हलली ती होकारार्थीच, आणि मळ्यातनं भाजी काढावी तशी तो कपाटातनं हिरवी पातळं काढायला लागला.

अक्काला मूल नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, डॉक्टर झाले, देव झाले, सांगलीच्या दवाखान्यात तिचं कसलंसं ऑपरेशनही झालं. दाजी भला माणूस, ते तोंडातून कधी काही बोलले नाहीत. ते काम त्यांच्या आईनं, केराबाईनं अंगावर घेतलं होतं. अक्का दिवाळीला यायची तेव्हा भांडी घासत घासत मला सांगायची, "आमची म्हातारी काल शेळीला हात फिरवून म्हनली, तू तरी माजं ऐकलंस बाई." सांगून स्वतःच हसायची. मला त्या म्हातारीचा मनापासून राग होता.

"पहिलंच?" दुकानदारानं विचारलं.

"हो."

"उशीर झाला म्हनायचा थोडा. पण हुतंय. आमच्या साडूच्या लेकीला बघा, सगळ्यांनी आशा सोडली हुती. आता पोरगं घरात नुसता धिंगाणा घालतंय." त्यानं पोपटी काठाचं एक पातळ माझ्या मांडीवर पसरलं. "हे बघा. रंग टिकनार. बाळाच्या बारशालाबी हेच नेसतील."

मी त्याच्यावर हात फिरवला. मऊ होतं. "हेच द्या," मी म्हणालो.

"कवा नेसायचंय?"

"आजच. दिवस मावळायच्या आत."

"मग फॉल-पिको करूनच न्या. बिनफॉलचं पातळ खाली बसत न्हाई, पायात येतंय. अशा दिवसांत पायात आलं म्हंजे?"

"उशीर होईल."

"कसला उशीर? माहेरचं पातळ आल्याबिगर कार्यक्रम सुरू हुतोय का कुठं?"

"होत नाही," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

दुकानाच्या ओट्यावर एक बाई शिलाई मशीन घेऊन बसली होती. तिनं पातळ हातात घेतलं, काठाकडून आत-बाहेर उलटून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या रंगाचा फॉल न्हाई माझ्याकडं. काळपट हिरवा हाय, त्यो दिसंल."

"दिसला तर दिसू दे," असं कुठलाही माणूस म्हणाला असता. मी विचारलं, "मग कुठं मिळेल?"

दुकानदारानं फॉल आणायला पेठेत माणूस पिटाळला. मला चहा सांगितला. मी ओट्यावर एका पाटावर बसलो. समोर स्टँडात अक्काच्या गावाची एसटी लागली. माणसं चढली. एका म्हाताऱ्याला कंडक्टरनं हाताला धरून वर ओढून घेतलं, घंटी वाजली आणि गाडी वळण घेऊन निघून गेली. हे सगळं मी पाहत होतो. ती माझीच गाडी आहे हेही मला कळत होतं. चहा गोड होता.

माणूस फॉल घेऊन आला. बाईनं तो आधी पाण्यात बुडवला, पिळला, झटकला आणि उन्हात धरला. "पानी दावलं न्हाई तर मागनं आटतोय," ती म्हणाली. मग बेतानं, काठाला काठ जुळवत मशीन चालवायला लागली.

"कितवा म्हैना?"

"सातवा," मी म्हणालो. हे तर मला कुणी सुचवलंही नव्हतं.

"निऱ्या जरा वर धरायला सांगा. आणि दृष्ट काढायला सांगा. उशिराचं बाळ म्हंजे लोकांचे डोळे लागत्यात."

"सांगतो."

दुकानदारानं कागदात पातळ बांधताना वर एक खण ठेवला, नारळ ठेवला. "हे आमच्याकडनं," म्हणाला. "पेढे घिऊन या मातूर." मी येतो म्हणालो. त्यानं हात जोडले, मीही जोडले. चांगला माणूस होता. मी त्याला फसवतोय असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण मला काहीच वाटत नव्हतं. सकाळपासून मला कुणीतरी भूल दिल्यासारखं झालं होतं. कळत सगळं होतं, लागत काही नव्हतं.

पुढं एसटी नव्हती, म्हणून स्टँडाबाहेर माणसं भरून सुटणाऱ्या वडापच्या जीपमधून निघालो. मागच्या बाकावर कोंबड्यांची टोपली, दोन बाया आणि मी. मांडीवर पुडकं. एका बाईनं विचारलं, "काय लगीन हाय व्हय?" मी म्हणालो, "नाही, बहिणीकडं निघालोय." ती म्हणाली, "बरं बरं." रस्त्याला खड्डे होते. आदल्या दिवाळीला अक्का म्हणाली होती की हा रस्ता आता होणार आहे.

गावात उतरलो तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्याला टेकलं होतं. दाजींच्या दारात अख्खं गाव जमलेलं. पुरुष भिंतीकडेला बसलेले, तिरडी बांधून तयार, गोवऱ्यांची गाडी पुढं गेलेली. जीप थांबली तशी सगळी कुजबूज बंद झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं म्हणजे माझ्या मागच्या रस्त्याकडं.

नाना पुढं आले. "एकटाच आलास?"

"एकटाच."

"मागनं कोन येनार हाय का?"

"कोण येणार?"

नानांनी दाजींकडं पाहिलं. दाजी खांबाला टेकून बसले होते. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. बायको गेलेल्या माणसाचा चेहरा तसा असणारच, असं मी धरून चाललो. पण ते माझ्याकडं भेदरल्यासारखे बघत होते. दाजींना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

मग नानांनीच तोंड उघडलं. "सकाळच्याला निरोप दिला तुला. दुपारच्या गाडीला पोरं जाऊन बगून आली, तू न्हाईस. आमी काय समजायचं? एकानं म्हनलं, मेव्हना विट्याला उतरलेला बगितला. विट्याला काय हाय? पोलीस ठाणं हाय."

तेव्हा कुठं मला उलगडलं. मूलबाळ नसलेली सून, धडधाकट असताना गोठ्यात अचानक मेली. माहेरचा एकुलता एक भाऊ वेळेवर आला नाही. तो सासरच्यांवर संशय घेऊन ठाण्यात गेला असणार, आता पोलीस येणार, मयत सांगलीला नेऊन चिरफाड करणार, असा गावानं तर्क लावला होता. भिंतीकडेला बसलेली माणसं मयताच्या दुःखानं गप्प नव्हती. ती पोलिसांच्या गाडीची वाट बघत होती.

"कुठं होतास रं इतका येळ?" नानांनी विचारलं.

माझ्या हातात पुडकं होतं. "फॉल लावत होते," मी म्हणालो.

"काय?"

"पातळाला फॉल लावत होते. ह्या रंगाचा नव्हता. पेठेतनं आणला."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. नाना माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांचा पारा चढला. सकाळपासूनची सगळी भीती त्यांच्या तोंडातनं बाहेर पडली. "आरं मयताला फॉल? डोकं ठिकाणावर हाय का तुजं? हितं दिवस चाललाय मावळायला, मानसं बिनअन्नापान्याची बसलीत. आमी कवाच उरकलं आसतं. सुमननं आपल्या पेटीतलं नवंकोरं पातळ काढलं व्हतं. पर ही म्हातारी ऐकंल तर! दारात आडवी बसलीया. माहेरचं आल्याबिगर माजी सून उठायची न्हाई, एवढंच धरलंय सकाळपासनं."

म्हातारी खरंच दारात बसली होती. केराबाई. उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर, डोईवरचा पदर घसरलेला, पांढरे केस मोकळे सुटलेले. तिच्या मागं, आतल्या अंधारात, कणकेचा दिवा लावलेला दिसत होता. सुमन, म्हणजे अक्काची धाकटी जाऊ, भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

म्हातारीनं हात पुढं केला. मी पुडकं दिलं. तिनं दोरा दातानं तोडला, कागद बाजूला केला, पातळ मांडीवर घेतलं आणि खालचा काठ उलटा करून पाहिला. फॉलवरून सबंध लांबीभर बोट फिरवलं. सगळं अंगण बघत होतं.

"बेस लावलाय," ती म्हणाली. मग नानांकडं वळली. "का वं भाऊजी? माजी सून काय गबाळी जायाची व्हती व्हय?"

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि बायकांना घेऊन आत गेली. दार लोटलं. आतून तिचा आवाज येत होता. "चापून नेसवा. निऱ्या नीट घ्या. आगं वडू नगंस तशी, तिला लागंल."

दाजी माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "गोरख, मी काय केलं न्हाई रं."

"मला माहीत आहे दाजी."

"सकाळी च्या प्याली माझ्यासंगं. मग गोठ्यात गेली."

"माहीत आहे."

त्यांनी माझा हात धरला. माझा हात त्यांच्या हातात तसाच पडून राहिला. काहीतरी करायला हवं म्हणून मी त्यांच्या पाठीवर दुसरा हात ठेवला.

दार उघडलं. मी आत गेलो, अक्काचं तोंड पाहिलं. मळवट भरलेला, हातात हिरवा चुडा, ओटीत माझा नारळ आणि खण. पातळ खरोखर चांगलं बसलं होतं. निऱ्या सरळ, काठ जमिनीबरोबर, कुठं चुणी नाही. अशी नीटनेटकी मी तिला तिच्या लग्नानंतर पाहिली नव्हती. घरी ती कायम पदर खोचलेली, काठाला चिखल लागलेली असायची. ही कुणीतरी वेगळीच बाई आहे आणि अक्का बाहेर चूल पेटवत असेल, असं मला वाटलं. मी खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय थंड होते, बास. बायका मोठ्यानं रडायला लागल्या. त्यांना वाटलं आता पाव्हणा फुटेल. मी उठून बाहेर आलो.

मी खांदा दिला. वेशीपाशी बायका थांबल्या. दाजींनी अग्नी दिला. गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या होत्या, लवकर पेटल्या. सूर्य डोंगराआड जात होता, आणि माणसं म्हणत होती, वेळेत झालं, वेळेत झालं. आम्ही ओढ्यावर अंघोळी केल्या. पाण्यात माझ्याशेजारी उभा असलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "पाव्हना दगड हाय." तो हळू बोलला होता, पण ओढ्यात आवाज लांब जातो. मला त्याचा राग आला नाही. मी स्वतःला तोच प्रश्न विचारत होतो. ज्या बहिणीनं मला कडेवर घेऊन वाढवलं, माझं नाक पुसलं, शाळेत पहिल्या दिवशी माझ्याबरोबर वर्गात बसून राहिली, तिला जाळून आलो आणि मला थंडी वाजतेय एवढंच कळत होतं.

घरी आलो. चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली होती. मयताच्या घरचा हा कडू घास, तो कुणीतरी बळेबळे खाऊ घालायचा असतो. पुरुषांनी कसाबसा घास मोडला आणि बाहेर गेले. मी ओले कपडे पिशवीत कोंबले. तिठ्यावरून शेवटची गाडी जायची, ती धरायची होती. या घरात मला आता काही काम उरलं नव्हतं. भाचा नाही, भाची नाही. बहीण होती म्हणून मी कुणाचातरी भाऊ होतो, कुणाचंतरी माहेर होतो. आता दिवस-कार्याला एकदा यायचं आणि मग या रस्त्याला पुन्हा पाय लागायचे नाहीत, असं मी मनात अगदी कोरडेपणानं ठरवून टाकलं होतं.

"मावशी, निघतो मी," मी म्हणालो. केराबाईला मी मावशी म्हणायचो, तेवढ्यापुरतंच.

"खाल्ल्याबिगर?"

"भूक नाही."

"बस."

मी बसलो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि माझ्या हातात दिला. घरात आम्ही दोघंच होतो. मघाचा दिवा अजून तिथंच होता, जिथं अक्काला ठेवलं होतं तिथं. म्हातारी त्याच्याकडं बघत होती.

"खरं सांग मला," ती म्हणाली. "फॉल लावायचं कुनी सुचीवलं तुला?"

"दुकानदारानं."

"त्याला ठाव न्हवतं कशाला न्हेतोयस?"

"नाही. त्याला वाटलं..." मी थांबलो. मग सांगून टाकलं. "त्याला वाटलं, डोहाळजेवण आहे. अक्काचं. मी नाही म्हणालो नाही. फॉल लावणाऱ्या बाईनं विचारलं, कितवा महिना, तर मी सातवा म्हणून सांगितलं."

मला वाटलं आता म्हातारी चिडणार. हीच बाई, जी शेळीला हात फिरवून सुनेला टोमणे मारायची. तिच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी घास तोंडात घातला.

"मग काय म्हनली ती बाई?"

"म्हणाली, निऱ्या वर धरायला सांगा. दृष्ट काढायला सांगा."

"आनि दुकानदार?"

"पेढे घेऊन या म्हणाला."

केराबाईनं पदर तोंडाला लावला. "बरं झालं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "बरं झालं लेकरा. जलमभर समद्यांनी तिला वांझ म्हनलं. मी म्हनलं, सगळ्यात जास्ती मीच म्हनलं. एक दुपार तरी कुनीतरी तिला लेकुरवाळी धरलं. तू हुभा हुतास, तू ऐकलंस. लई बरं झालं."

घास माझ्या तोंडातच राहिला. गिळता येईना, टाकता येईना. आणि मग मला समजलं की मी ओट्यावर एवढा वेळ का बसून राहिलो होतो. तिथं त्या दुकानात माझी अक्का जिवंत होती. माझी वाट बघत होती, सातव्या महिन्यातली, पाय सुजलेली, हसरी. दुकानदार तिची काळजी करत होता, मशीनवाली तिची काळजी करत होती, आणि मी पाटावर बसून चहा पीत होतो. तिथून उठलो की ती मरणार होती. म्हणून मी गाडी जाऊ दिली.

मी रडलो. भाकरीचा घास तोंडात घेऊन, ओल्या पिशवीवर वाकून, मोठ्यानं, लाज सोडून रडलो. म्हातारी सरकत सरकत जवळ आली आणि तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं. तिच्या लुगड्याला गोठ्याचा आणि अबीर-हळदीचा वास येत होता. बाहेर दाजी माझा आवाज ऐकून दारापर्यंत आले आणि तसेच माघारी गेले.

माझं रडणं थांबल्यावर तिनं मला पाणी दिलं. मग इकडचंतिकडचं बोलावं तशी म्हणाली, "माज्या माहेरात कोन उरलं न्हाई आता. भाऊ कवाच गेला. भाच्यांनी जमीन इकली आनि मुंबय गाठली, माजं त्वांडबी वळखायचे न्हाईत. माझ्या येळेला लुगडं कोन आननार?"

मी तिच्याकडं पाहिलं.

"तूच आन," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोन? हिचं आनलंस, माजंबी आन. तिच्या जागी तुला मीच हाय आता. सांगून ठेवते, सुमनच्या पेटीतलं मी नेसायची न्हाई. दारात माजं मडं आडवं पडंल, पर उठायचं न्हाई."

"आणीन," मी म्हणालो.

"नुसतं आणीन म्हनून न्हाई चालत. येत जा मदनंमदनं. न्हाईतर ऐन येळंला तुला घर घावायचं न्हाई आनि मला तिस्टत पडावं लागंल."

त्या दिवशी माझी शेवटची गाडी चुकली. मी दाजींशेजारी अंगणात झोपलो. पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली, तासगावातच घर बांधलं. दाजीही गेले, नानाही गेले. सुमनचे मुलगे आता शेती बघतात. दर दिवाळीला मी त्या घरी जातो. बायको म्हणते, तिथं तुमचं कोण आहे. मी सांगतो, आहे.

म्हातारी आता पार वाकली आहे, डोळ्यांनी दिसत नाही. ओसरीवर बसलेली असते. माझ्या चपलांचा आवाज तिला बरोबर कळतो. मान वर करते आणि दर खेपेला तेच म्हणते.

"आलास व्हय? बस. अजून येळ हाय मला."